यादीतली सतरावी ओळ

त्या इमारतीची काच फुटली तेव्हा मी समोरच्या बसथांब्यावर उभी होते. हातात उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता आणि डोक्यात संध्याकाळपर्यंत तपासायच्या वर्गांची यादी.

ते हॉटेल बेंगळूरकडच्या एका साखळीचं होतं. तंजावुरात तोवर हॉटेल म्हणजे लाकडी बाकं, धूर आणि केळीचं पान. यांनी दर्शनी भिंतीला काच लावली, पोलादी टेबलं आणली, पितळी टोकन दिलं की इडली द्यायचे, आणि वरच्या मजल्यावर गार हवेची फॅमिली रूम केली. तीन-चार वर्षं गर्दी होती. मग एका वर्षी कर्नाटकानं कावेरीचं पाणी सोडलं नाही. त्रिभुज प्रदेशातली भातं उभी वाळली, आणि एका सकाळी मोठा जमाव पाटीवरची कन्नड अक्षरं शोधत आला.

पहिला दगड पाटीला लागला, दुसरा काचेला. काच पडली ती सगळी एकदम, पाण्याचा पडदा पडावा तशी. कॅशियरच्या कानामागून रक्त आलं आणि तो तसाच गल्ल्यावर बसून राहिला. टेबलं बाहेर फेकली, टोकनांचा डबा रस्त्यात ओतला. स्वयंपाकघरात मात्र कोणी गेलं नाही. त्याचं कारण मला नंतर कळलं. इडलीचं पीठ रगडणारा माणूस उकळत्या तेलाची कढई दाराशी ओढून, हातात लांब दांड्याचा झारा घेऊन उभा राहिला होता. "मी इथलाच आहे, ओरत्तनाडूकडचा," असं तो म्हणाला म्हणे. "पण आत आलात तर तोंडावर ओतीन."

त्या दिवशी सासूबाईंनी जाहीर केलं, "आठ दिवस रस्त्यात आपली भाषा कोणी बोलायची नाही." आम्ही राजवाड्यामागच्या आळीतले मराठी. इथे येऊन तीनशे वर्षं झाली, पण दगड मारणारा वर्षं मोजत नाही.

माझी मुलगी तेव्हा सहावीत होती. ती म्हणाली, "आजी, मला मराठी नीट येतच नाही."

"मग तू बोल. कोणाला कळायचं नाही," सासूबाई म्हणाल्या.

साखळीवाल्यांनी तंजावूर सोडलं. जाताना व्यवस्थापकानं मागच्या खोलीची किल्ली पीठ रगडणाऱ्या त्या माणसाला, आम्ही त्यांना पीठवाले म्हणायचो, दिली आणि नवा भाडेकरू येईपर्यंत राहा म्हणून सांगितलं. त्या खोलीत मोटरवर चालणारा मोठा दगडी रगडा होता, खालचा दगड सिमेंटच्या ओट्यात बसवलेला. पीठवाले तिथेच झोपायचे, पहाटे तांदूळ-उडीद रगडायचे आणि मागचं दार उघडून आळीला पीठ विकायचे. बायको-मुलं गावी. दोन वर्षं आमच्या घरची इडली त्याच दगडावरून आली. पीठ मोजायची त्यांची रीत होती: घरात माणसं किती ते विचारायचं आणि माणशी एक मोठा डाव वाढायचा. लिटर-बिटर त्यांना मान्य नव्हतं.

मग माझ्या थोरल्या दिरांनी ती इमारत भाड्यानं घेतली. भावजी आरोग्य खात्यातून नुकतेच निवृत्त झाले होते. एका डॉक्टरांबरोबर स्कॅन सेंटर काढायचं ठरलं. त्या काळात तंजावुरात असं दर महिन्याला एक निघत होतं. मे महिन्याची माझी शाळा बंद होती. "तू नाहीतरी याद्या करतच असतेस, मग ही कर," असं म्हणून भावजींनी किल्ल्या माझ्यापुढे ठेवल्या. हॉटेलचं स्कॅन सेंटर करायला पाच आठवडे होते.

मी वही घेऊन दोन दिवस फिरले. फॅमिली रूममध्ये गार हवा होतीच, तिथे सोनोग्राफी. टोकनाच्या खिडकीत रिपोर्ट. हात धुवायच्या बेसिनांची रांग ठेवायची, पेशंटनाही हात असतात. स्वयंपाकघराच्या भिंती जाड, तिथे एक्स-रे. आणि मागची रगड्याची खोली म्हणजे फिल्म धुवायची काळोखी खोली.

मग मोडतोड सुरू झाली. मेस्त्री आणि त्याची सहा माणसं. काउंटर पहारीनं उचकटले. धुराड्याचा पत्रा वरून सुटला तो एका मजुराच्या खांद्याचं कातडं सोलून खाली आला. छतावर बोटभर जाड तेलकट राप होता, तो कुदळीनं खरवडला तर त्यातून झुरळांची पोतीच्या पोती पडली आणि माणसं त्यांच्यावर नाचली. उंदीर फावड्यांनी मारले. मला त्यात मजा येत होती हे लिहायला हवं. वर्षभर चाळीस मुलींना गप्प बसा सांगणाऱ्या बाईला भिंती पडताना बघायला मिळत होत्या, आणि पडलेल्या प्रत्येक गोष्टीपुढे मी खूण करत होते.

सोमवारी मी मागच्या खोलीत गेले. पीठवाले रगड्यापाशी बसून फिरत्या दगडाखाली हातानं पीठ सारत होते. उजवा हात आत जायचा, दगड यायच्या आधी बाहेर यायचा. त्यांचं लक्ष माझ्याकडे होतं, हाताकडे नव्हतं.

"गुरुवारपर्यंत ही खोली लागेल," मी म्हटलं.

"कशाला अम्मा?"

"फिल्म धुवायला. काळोख लागतो."

"काळोख हवा तर खिडकी बुजवा. दगड का काढायचा?"

"पीठ, पाणी, ओल... तिथे चालत नाही ते."

"तुमच्याकडे रोज सकाळी चालतं," ते म्हणाले आणि हसले. मग मोटर बंद केली. "अम्मा, दुसरीकडे हा दगड नेता येत नाही, काढला की फुटतो. आणि दगड नसेल तर मी कोण? दुसऱ्याच्या हॉटेलात भांडी घासणारा म्हातारा. दार गल्लीत उघडतं. तुमच्या लोकांना मी दिसणारसुद्धा नाही. एवढी खोली राहू द्या."

"बघते," मी म्हटलं.

बघितलं काही नाही. बाहेर येऊन मेस्त्रीसाठी यादी लिहिली.

आता त्या यादीबद्दल. देवनागरी मला वडिलांनी शिकवली. घरच्या याद्या मी मराठीत करते. पण मेस्त्रीला मराठी कुठून वाचता येणार, म्हणून कामाच्या याद्या तमिळमध्ये. पहिल्या रकान्यात वस्तू, दुसऱ्यात वार. वर मथळा होता 'काली'. तमिळमध्ये काली म्हणजे रिकामं. घर काली करायचं म्हणजे घर सोडायचं. दुकानातली वस्तू संपली की दुकानदार काली म्हणतो. आमच्या घरच्या मराठीतही रिकाम्याला आम्ही खालीच म्हणतो, आणि तमिळ लिपीत ख आणि क एकच. म्हणजे हात तमिळ लिहीत होता आणि डोकं मराठी बोलत होतं. सोळाव्या ओळीत लिहिलं, बॉयलर, काली, बुधवार. सतराव्या ओळीत लिहिलं, मागच्या खोलीतला माणूस, काली, गुरुवार.

माणसापासून खोली खाली, असं माझ्या मनात होतं. पण तमिळमध्ये माणूस काली म्हणजे माणूस संपला. संपवला. हे मला माहीत नव्हतं असं नाही. शाळेच्या फाटकापाशी मुलं रोज एकमेकांना त्याच शब्दात धमक्या देत. लिहिताना फक्त तो अर्थ माझ्या जवळपास नव्हता.

मेस्त्रीनं यादी मोठ्यानं वाचून दाखवली आणि मजूर हसले. तेवढ्यावर ते संपलं असतं. पण त्या वेळी इमारतीच्या मालकाची दोन माणसं तिथे विडी ओढत बसली होती. मालकाची भाताची गिरणी होती, आम्ही त्यांना गिरणीवाले म्हणत असू. पीठवाले दोन वर्षं राहिले, आणखी राहिले तर जागेवर हक्क सांगतील, ही भीती त्यांना आधीपासून होती. त्या दोघांनी यादी बघायला मागितली.

गुरुवारी दहाला मी मोजपट्टी घेऊन पोचले. आतून घणाचा आवाज येत होता आणि मध्येच थांबत होता. काम चालू असताना घण एका लयीत पडतो. हा तसा पडत नव्हता. मी स्वयंपाकघर ओलांडून मागच्या दारात गेले.

मोटर चालू होती. पीठवाले ओट्यावर पालथे पडले होते, दोन्ही हातांनी खालच्या दगडाला मिठी मारून. त्यांचं तोंड ओट्याच्या कडेवर आपटून फुटलं होतं. गिरणीचा एक माणूस त्यांचे पाय धरून ओढत होता. दुसरा पहारीच्या बाजूनं पाठीवर मारत होता, एकेक फटका मोजून, गादी झोडपावी तसा. मेस्त्रीचा एक मजूर घण उचलून उभा होता. "सोड, म्हाताऱ्या, सोड," तो म्हणत होता. त्याचा आवाज विनवणीचा होता. मग घण खाली आला.

घण हातावर मुद्दाम मारला की दगडाच्या कडेवर मारताना हात आडवा आला, हे मला आजही सांगता येणार नाही. मी दारात होते आणि बघत होते. आवाज ओल्या लाकडाचा आला. पीठवाले ओरडले नाहीत. त्यांनी हात उचलून डोळ्यांपुढे धरला आणि ते त्याच्याकडे नुसते बघत राहिले. रक्त पिठात पडलं आणि फिरत्या दगडानं ते पसरवलं. पीठ गुलाबी झालं.

मी आधी मोटरचं बटण बंद केलं. ते पहिलं का सुचलं ते विचारू नका. मग मेस्त्री मागून आत आला आणि "अम्मा, तुम्ही बाहेर थांबा" म्हणाला, तेव्हा मी हातातली मोजपट्टीची लोखंडी डबी त्याच्या तोंडावर मारली. एकदा नव्हे. त्याचा खालचा ओठ फाटला. तिसऱ्यांदा हात उचलला तेव्हा त्यानं माझं मनगट धरलं आणि दुसऱ्या हातानं खिशातून कागद काढला.

"तुम्हीच लिहिलंत ना अम्मा? वाचा. तुमचंच आहे."

वाचायची गरज नव्हती. ओळ मला होते तिथूनच दिसत होती.

ऑटोत पीठवाल्यांचा हात मी माझ्या पदरात गुंडाळून धरला. ऑटोचा पडदा फाडून, भोंग्याचा पंप दाबून, वाटेसाठी ओरडून आम्ही मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात पोचलो. उजव्या हाताची दोन बोटं काढावी लागली. मधलं राहिलं, पण ते पुन्हा वाकणार नाही असं डॉक्टर म्हणाले. बरगड्या तीन मोडल्या होत्या. संध्याकाळच्या बसनं त्यांची बायको गावाहून आली. वऱ्हांड्यात कोणीतरी तिला माझ्याकडे बोट दाखवलं. ती सरळ माझ्यापुढे आली आणि तिनं माझ्या कानशिलात मारली. भातलावणी करणारा हात होता. डावा कान दोन दिवस वाजत होता. ती आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी पीठवाल्यांना शुद्ध नीट आली. पहिला शब्द होता, "दगड?"

"आहे. तसाच आहे. कडेचा टवका गेलाय."

"आणि खोली?"

"बघते."

"बघते नको अम्मा. सोमवारीही बघतेच म्हणालात."

मी इस्पितळातून थेट इमारतीत गेले आणि वही घेऊन पुन्हा फिरले. जिन्याखाली भांडी घासायची मोरी होती. नळ होता, निचरा होता, खिडकी नव्हती. फिल्म धुवायला त्याहून चांगली जागा सापडली नसती. शोधायला दहा मिनिटं लागली.

दुपारी भावजी घरी आले. इस्पितळातून पोलिसांना कळवलं गेलं होतं आणि फौजदारांच्या टेबलावर माझी यादी होती.

"ती यादी मजुरांनी केली, तुझी नव्हे, एवढंच म्हण," भावजी म्हणाले.

"अक्षर माझं आहे."

"तमिळ अक्षर सगळ्यांचं सारखंच असतं गं."

"फौजदारांच्या दोन्ही मुली माझ्या वर्गात आहेत, भावजी. त्यांच्या वह्यांत माझे शेरे आहेत."

मग मी सांगितलं: मागची खोली आणि रगडा पीठवाल्यांचा राहील, भाडेकरारात वेगळी करून, मुद्रांकाच्या कागदावर. ते झालं नाही तर मी ठाण्यात जाऊन सांगणार की ओळ माझी, आणि मारहाण करणारी दोन माणसं गिरणीवाल्यांची.

"तू स्वतः अडकशील."

"अडकेन."

"नोकरी जाईल."

"तेही लिहून ठेवलंय," मी म्हटलं. खरंच ठेवलं होतं.

गिरणीवाले शनिवारी स्वतः आले. पांढरं धोतर, कपाळाला विभूती. कॉफी घेतली, कॉफी चांगली आहे म्हणाले. मग कप खाली ठेवून मला विचारलं, "टीचरम्मा, शाळेतून येताना कुठला रस्ता घेता?"

नवरा उठून उभा राहिला. उत्तर सासूबाईंनी दिलं, बसल्या जागेवरून, शेंगा सोलता सोलता, अस्सल तंजावुरी तमिळमध्ये. "राजवाड्याच्या बाजूनं येते. मी रोज दारात बसून बघत असते. तुझी आईही तिच्या ओसरीवर असते, आम्ही दोघी एकमेकींना हात करतो. तिला सांगू का तू रस्ता विचारत होतास म्हणून?"

गिरणीवाल्यांनी खोलीच्या कागदावर सही केली. सासूबाईंना भिऊन नव्हे. उद्घाटनाला जिल्ह्यातला मोठा अधिकारी येणार होता, पत्रिका छापून झाल्या होत्या, आणि खटला उभा राहिला तर इमारतीला टाळं लागलं असतं. कागदात एक अट त्यांचीही होती. पीठवाल्यांनी जबाब द्यायचा की हात मोटरच्या पट्ट्यात गेला.

तो कागद मी इस्पितळात वाचून दाखवला. मी म्हटलं, "तुम्ही नाही म्हणालात तर मी साक्ष देईन. पण मग खोलीचं काय होईल ते सांगता येत नाही."

"साक्षीवर पीठ रगडता येतं का?" ते म्हणाले, आणि डावा अंगठा पुढे केला.

उद्घाटन ठरल्या दिवशी झालं. नवी काच, नवी पाटी. पहार धरणारा माणूस हातात केशरीची, म्हणजे शिऱ्याची, बशी घेऊन माझ्या शेजारून गेला आणि त्यानं मला वणक्कम केलं. मेस्त्रीच्या ओठावर टाके होते. फौजदारांनी सोनोग्राफीचं यंत्र कौतुकानं पाहिलं. मी टाळ्या वाजवल्या. माझ्या वहीत यादीची नक्कल होती, तिच्यातल्या सगळ्या ओळींपुढे खुणा होत्या, एक सोडून. ती मी शाईनं इतकी खोडली होती की कागद फाटला होता.

ते स्कॅन सेंटर आठेक वर्षं चाललं. पुढे ते एका मोठ्या इस्पितळात गेलं आणि समोर मोबाइल फोनची शोरूम आली, मग ती जाऊन आणखी काही. प्रत्येक नवा भाडेकरू मागची खोली मागायचा आणि प्रत्येकाला तो कागद दाखवला जायचा.

पीठवाले दोन महिन्यांनी परत आले, बायकोला घेऊन. ती तांदूळ धुवायची, ते डाव्या हातानं पीठ सारायचे. सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांनी घरघर येते म्हणून तक्रार केली. मी त्यांना कान झाकायला सांगितलं. पहिल्या सकाळी मीच पातेलं घेऊन गेले. पीठवाल्यांनी माझ्याकडे पाहिलं, पिठाच्या घंगाळावर झाकण ठेवलं आणि आत निघून गेले. मी थोडा वेळ थांबले, मग घरी आले.

दुसऱ्या दिवशी पातेलं घेऊन सासूबाई गेल्या. त्यांच्याशी ते नेहमीसारखे बोलले, गुडघ्यांची चौकशी केली, घरात किती जण ते विचारलं. सासूबाई म्हणाल्या, चौघं. त्यांनी डावानं पीठ वाढलं. एक, दोन, तीन. आणि पातेलं परत दिलं.

"चौघं म्हटलं मी," सासूबाई म्हणाल्या.

"ऐकलं, अम्मा."

पीठवाले होते तोवर सासूबाईंनी रोज चौघांचं मागितलं आणि त्यांनी रोज तिघांचं दिलं. नवऱ्यानं एकदा आपल्या पानातली इडली माझ्या पानात ठेवली होती, ती मी परत त्याच्या पानात ठेवली. मी सकाळी पोहे खाऊ लागले.